न्यूकॅसल, न्यू साऊथ वेल्स: कोळशाच्या बंदराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनीच्या उत्तरेला साधारण १६० किलोमीटरवर, हंटर नदी जिथे समुद्राला मिळते तिथे न्यूकॅसल वसलं आहे. जगात सर्वांत जास्त कोळसा ज्या बंदरांतून परदेशी जातो त्यांत हे अगदी वरच्या क्रमांकाचं. बातम्यांत त्याचं नाव येतं ते कोळशाच्या भावासोबत किंवा एखाद्या आंदोलनासोबत, आणि मग "कोळशाचं शहर" म्हणून त्याची बोळवण होते. ते मला पटत नाही. या शहराने एक मोठा शेवट आधीच पाहिला आहे आणि त्यातून ते उभं राहिलं आहे. आज कोळशाच्या भवितव्याबद्दल तिथे जे बोललं जातं, ते या इतिहासाशिवाय कळत नाही.

हे इंग्लंडमधलं न्यूकॅसल का?

नाही. इंग्लंडमधलं टाइन नदीवरचं न्यूकॅसल हे जुनं कोळसा-बंदर. त्याचंच नाव १८०४ मध्ये या वसाहतीला दिलं गेलं. त्याआधी लोक याला "कोल रिव्हर" म्हणत.

इंग्रज येण्याआधी इथे कोण राहत होतं?

नदीच्या दक्षिणेला अवाबाकल आणि उत्तरेला वोरिमी. शहराच्या जागेचं जुनं नाव मुलुबिन्बा, नदीचं कोकुन. २०१६ मध्ये शहरातल्या आठ ठिकाणांना मूळ नावं सरकारी नकाशावर परत मिळाली. बंदराच्या तोंडाशी उभा असलेला नॉबीज हा सुळका म्हणजे व्हिबायगान्बा. अवाबाकल कथेत तिथे एक प्रचंड कांगारू कोंडलेला आहे. तो शेपूट आपटतो तेव्हा जमीन हादरते. १९८९ नंतर ही कथा शहरात नव्याने सांगितली जाऊ लागली. का, ते भूकंपाच्या प्रश्नात येईल.

कोळसा या लोकांना ठाऊक होता. त्यांच्या भाषेत त्याला "निक्किन" म्हणत आणि जवळच्या मॅक्वारी सरोवराच्या परिसराला निक्किन्बा, म्हणजे कोळशाची जागा. तेव्हा "कोळशाचा शोध इंग्रजांनी लावला" हे वाक्य पुस्तकात दिसलं तर ते अर्धवट आहे.

इथे दोन माणसांचं नाव घ्यायलाच हवं. लॅन्सलॉट थ्रेलकेल्ड हा मिशनरी १८२५ मध्ये इथे आला आणि बिराबान या अवाबाकल पुढाऱ्याकडून भाषा शिकला. बिराबान लहानपणी सिडनीच्या लष्करी बराकीत वाढल्यामुळे त्याला उत्तम इंग्रजी येत असे. दोघांनी मिळून वर्षानुवर्षं काम केलं आणि १८३४ मध्ये या भाषेचं व्याकरण छापून निघालं. मुखपृष्ठावर नाव थ्रेलकेल्डचं आहे. ज्ञान मात्र बिराबानचं होतं, आणि हे थ्रेलकेल्डने स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. १८३० मध्ये गव्हर्नर डार्लिंगने बिराबानला पितळेची पाटी बहाल केली, तीही आपली भाषा लिपीबद्ध करायला मदत केली म्हणून. थ्रेलकेल्ड कोर्टात दुभाष्याचं काम करायचा. मूळनिवासींना ख्रिस्ती शपथ घेता येत नसल्यामुळे त्यांची साक्षच ग्राह्य धरली जात नव्हती, आणि याविरुद्ध तो सतत लिहीत राहिला. १८४१ च्या अखेरीस त्याचं मिशन बंद पडलं. रोगराई आणि जमिनीवरून हुसकावणी यांमुळे तोपर्यंत तिथे फार थोडे लोक उरले होते. आज भाषा पुन्हा शिकवली जाते, ती बऱ्याच अंशी या दोघांनी कागदावर उतरवलेल्या शब्दांच्या आधाराने.

इंग्रजांची नजर या जागेवर कशी पडली?

पळालेल्या कैद्यांमुळे. १७९७ मध्ये काही कैदी "कंबरलंड" नावाची सरकारी नौका पळवून निघून गेले. त्यांच्या शोधात लेफ्टनंट जॉन शॉर्टलंड किनाऱ्याने उत्तरेला आला. कैदी सापडले नाहीत, पण सप्टेंबरमध्ये नदीचं मुख आणि कड्यात उघडे दिसणारे कोळशाचे थर सापडले. त्याने नदीला गव्हर्नर हंटरचं नाव दिलं.

या शहराचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो अगदी सुरुवातीचा आहे. १७९९ मध्ये इथला कोळसा जहाजात भरून बंगालला पाठवला गेला. या वसाहतीतून परदेशी गेलेला हा पहिला व्यापारी माल मानला जातो. ब्रिटिशांची ऑस्ट्रेलियातली वसाहत तेव्हा जेमतेम ११ वर्षांची होती, आणि धान्यापासून दारूपर्यंत कितीतरी गोष्टींसाठी ती कलकत्त्याकडे डोळे लावून बसलेली असे. उलट दिशेने पाठवण्यासारखं तिच्याकडे फारसं काही नव्हतं. कोळसा होता.

अदानींची ऑस्ट्रेलियातली खाण इथलीच ना?

नाही. ती कारमायकल खाण क्वीन्सलंड राज्याच्या आतल्या भागात आहे आणि तिचा कोळसा बोवेनजवळच्या ॲबट पॉइंट बंदरातून जातो. ते न्यूकॅसलपासून हजाराहून जास्त किलोमीटर उत्तरेला आहे. आपल्या पोलाद कारखान्यांना लागणारा ऑस्ट्रेलियन कोकिंग कोळसाही मुख्यतः क्वीन्सलंडचा. न्यूकॅसलमधून जातो तो बहुतांश वीजनिर्मितीचा कोळसा.

कैद्यांची वसाहत म्हणून न्यूकॅसलची एवढी दहशत का होती?

कारण ही काळ्या पाण्यातलं काळं पाणी होती. इंग्लंड-आयर्लंडमधून हद्दपार होऊन सिडनीला आलेल्या माणसाने तिथे पुन्हा गुन्हा केला, तर त्याला इथे पाठवत. १८०१ मध्ये पहिली वस्ती झाली, पण ती वर्षभरातच मोडली. मग मार्च १८०४ मध्ये सिडनीजवळ कॅसल हिल इथे आयरिश कैद्यांनी उठाव केला. तो चिरडल्यावर उरलेल्या बंडखोरांचं काय करायचं, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याच महिन्यात लेफ्टनंट चार्ल्स मेंझिसच्या हाताखाली ही वस्ती पुन्हा उभी केली.

कामं तीन प्रकारची. कड्याच्या पोटात शिरून कोळसा खणणं, नदीच्या वरच्या अंगाला जाऊन देवदार तोडणं आणि शिंपले जाळून चुना करणं. यातलं चुन्याचं काम सर्वांत वाईट. मूळनिवासींनी हजारो वर्षांत साठवलेले शिंपल्यांचे ढीग भट्टीत जाळायचे आणि भाजलेला चुना पाठीवर लादून पाण्यातून होडीपर्यंत न्यायचा. फटक्यांनी सोललेल्या पाठीवर ओला चुना पडला की काय होत असेल, ते लिहायची गरज नाही. सिडनीच्या जुन्या इमारतींच्या भिंतींत हाच चुना आहे. सिडनीचं सौंदर्य पाहताना मला ही गोष्ट विसरता येत नाही.

हंटर खोऱ्यात मोकळ्या वसाहतकऱ्यांना जमिनी द्यायचं ठरलं आणि सिडनीकडे जाणारी जमिनीवरची वाटही सापडली, तेव्हा कैद्यांना कोंडून ठेवायला ही जागा निरुपयोगी झाली. १८२१ पासून त्यांना आणखी उत्तरेला पोर्ट मॅक्वारीला हलवायला सुरुवात झाली आणि १८२३ मध्ये इथला लष्करी अंमल संपला.

त्या काळातलं आज काय दिसतं?

दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पहिली बोगी होल: समुद्रकाठच्या खडकात कैद्यांनी खोदलेलं पोहण्याचं कुंड. १८१९ च्या सुमारास कमांडंट मॉरिसेटने ते स्वतःसाठी खोदून घेतलं. भरतीच्या लाटा आजही त्यात येऊन फुटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे नॉबीजपर्यंत समुद्रातून गेलेला बांध. नॉबीज हे मुळात सुटं बेट होतं, सुमारे ६२ मीटर उंच. १८१८ मध्ये कैद्यांनी बांध घालायला सुरुवात केली आणि काम पुरं व्हायला १८४६ उजाडलं. बेटाचा माथा मात्र उतरवला गेला, आज तो जेमतेम २८ मीटर आहे. १८५० च्या दशकात नॉबीज सुरुंगाने पूर्ण उडवून टाकायचा बेत होता, तो गावकऱ्यांनी विरोध करून हाणून पाडला. १८५८ पासून तिथे दीपगृह आहे.

कैद्यांनंतर खाणी कोणी चालवल्या?

लंडनच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनीने. नाव शेतीचं, पण सरकारी खाणी तिच्याकडे आल्या आणि कोळशाची जवळजवळ मक्तेदारीही. डिसेंबर १८३१ मध्ये तिने पहिली खाण सुरू केली, आणि खाणीच्या तोंडापासून धक्क्यापर्यंत लोखंडी रूळ टाकले. भरलेली वाघीण उतारावरून स्वतःच्या वजनाने खाली यायची आणि दोरखंडाने रिकामी वाघीण वर ओढायची. ऑस्ट्रेलियातली पहिली रेल्वे म्हणतात ती हीच.

मक्तेदारी १८४७ मध्ये संपली. ती मोडण्यात ब्राऊन बंधूंसारख्या छोट्या खाणवाल्यांचा हात मोठा. त्यानंतर जिथे थर लागेल तिथे खाण आणि खाणीभोवती गाव असं सुरू झालं. वॉल्सएंड, लॅम्बटन, वॉराटा, मिन्मी, हॅमिल्टन. प्रत्येक गावाची आपली शाळा, आपलं प्रार्थनाघर, आपली बँडपथकं. खाणकामगार बहुतेक उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे, त्यामुळे गावांची नावंही पुष्कळशी तिकडचीच. आज ही सगळी शहराची उपनगरं आहेत, पण "मी वॉल्सएंडचा" हे लोक अजून ठासून सांगतात.

जमिनीखालच्या या पोकळ्या आजही त्रास देतात. शहराच्या मध्यभागी उंच इमारत बांधायची तर आधी खालचे बोगदे सिमेंटच्या मिश्रणाने भरून घ्यावे लागतात, आणि तो खर्च भल्याभल्या बांधकामांना पेलत नाही.

हे बंदर धोक्याचं होतं असं का म्हणतात?

नदीच्या तोंडाशी उत्तरेच्या बाजूला ऑयस्टर बँक नावाचा वाळूचा उथळ पट्टा होता. दक्षिणेचं वादळ आलं की शिडाची जहाजं थेट त्यावर जाऊन आपटत. जुलै १८६६ मध्ये "कवारा" ही आगबोट वादळातून आसऱ्याला आत शिरताना बुडाली. जहाजावरची सुमारे ६० माणसं गेली, एकटा वाचला. हे सगळं गावाच्या डोळ्यांदेखत घडलं.

१९०४ मध्ये "अडोल्फ" हे फ्रेंच शिडाचं जहाज आधीच्या बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांवरच जाऊन चढलं. खलाशी सगळे वाचले. पुढे नदीच्या उत्तर काठावरच्या स्टॉकटनच्या बाजूची लाटा अडवणारी भिंत या सांगाड्यांवरूनच बांधत नेली. आज त्या भिंतीवरून चालत गेलं की दगडांत अडकलेला अडोल्फचा गंजका सांगाडा दिसतो.

स्टॉकटनचीच आणखी एक गोष्ट. कोळसा न्यायला येणारी जहाजं रिकामी यायची, आणि वाटेत डगमगू नयेत म्हणून तळात दगडमाती भरलेली असायची. कोकणात याला नीरम म्हणतात. हे नीरम ती इथे उतरवून जात. सॅन फ्रान्सिस्को, चिलीची बंदरं, कुठकुठले दगड. स्टॉकटनच्या जमिनीचा एक भाग असा परदेशी दगडांचा आहे.

सिडनीला कोळसा नेणाऱ्या छोट्या आगबोटींना "सिक्स्टी मायलर" म्हणत, कारण अंतर साधारण ६० सागरी मैल. वेळ गाठायच्या घाईत जास्त भरलेल्या, झाकणं नीट न लावलेल्या यातल्या कितीतरी बोटी बुडाल्या. कोळशापासून बनून सिडनीच्या घराघरात जळणाऱ्या गॅसमागे या बोटींवरची माणसं होती. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

खाणकामगारांच्या लढ्यांबद्दल सांगाल का?

आधी अपघात, कारण संघटना त्यातूनच घट्ट झाल्या. १८९६ मध्ये स्टॉकटन खाणीत विषारी वायूने ११ जण गेले. त्यांतले बरेचसे अडकलेल्यांना सोडवायला खाली उतरलेले होते. १९२३ मध्ये सेसनॉकजवळच्या बेलबर्ड खाणीत २१ जण गेले. दुसऱ्यांना वाचवायला जाणाऱ्याकडे ना साधनं, ना प्रशिक्षण, हे बेलबर्डने इतकं उघडं पाडलं की दोन वर्षांनी खाण-बचाव केंद्रांचा कायदा झाला.

मग १९२९. मालकांनी मजुरी कापायची ठरवली आणि कामगार मान्य करेनात, तेव्हा मार्चमध्ये त्यांनी टाळेबंदी केली. सुमारे १० हजार कामगार बाहेर. हंटर खोऱ्यातली घरं १५ महिने मदतीच्या शिध्यावर जगली. डिसेंबरमध्ये राज्य सरकारने बाहेरची माणसं आणून रॉथबरी खाण चालू करायचा प्रयत्न केला. १६ डिसेंबरला हजारो कामगार तिथे जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. नॉर्मन ब्राऊन हा तरुण खाणकामगार त्यात मारला गेला. पुढच्या वर्षी कामगारांना कमी मजुरीवरच परतावं लागलं. लढा हरला, पण या भागातल्या माणसाला "रॉथबरी" एवढा एक शब्द पुरतो.

आणखी एक लक्षात घेण्यासारखं. १९४९ च्या देशव्यापी कोळसा संपात खाणींवर सैन्य पाठवलं ते लेबर पक्षाच्या, म्हणजे कामगारांनीच निवडून दिलेल्या पंतप्रधान बेन चिफलींच्या सरकारने. ती जखम फार काळ राहिली.

पोलादाचा कारखाना कधी आला?

२ जून १९१५ ला रीतसर उद्‌घाटन झालं. कंपनी बीएचपी, मूळची ब्रोकन हिलच्या चांदी-शिशाच्या खाणीची. साउथ ऑस्ट्रेलियातल्या आयर्न नॉबचं लोहखनिज जहाजाने आणायचं आणि इथल्या कोळशावर वितळवायचं, असं गणित होतं. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून पोलाद येणं बंद झालं आणि कारखान्याचा जम बसला. देशाच्या पूर्व-पश्चिमेला जोडणाऱ्या रेल्वेला लागणारे रूळही इथे तयार झाले.

भरभराटीच्या काळात इथे १० हजारांहून जास्त लोक कामाला होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंड, युक्रेन, इटली, ग्रीस, मॅसेडोनियाहून आलेले निर्वासित आणि स्थलांतरित जवळच्या ग्रेटा छावणीत उतरायचे आणि त्यांतले कितीतरी इथल्या भट्ट्यांवर रुजू व्हायचे. कारखान्याचा भोंगा म्हणजे त्याला लागून असलेल्या मेफिल्ड या उपनगराचं घड्याळ होतं.

दुसऱ्या महायुद्धात इथे हल्ला झाला होता?

हो. ८ जून १९४२ च्या पहाटे जपानच्या आय-२१ पाणबुडीने पोलाद कारखान्याच्या रोखाने ३४ तोफगोळे डागले. नुकसान थोडं झालं, कोणी दगावलं नाही. फोर्ट स्क्रॅच्लीच्या तोफांनी उत्तर दिलं. रशियन हल्ल्याच्या भीतीने १८८० च्या दशकात बांधलेला हा किल्ला. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरून शत्रूच्या युद्धनौकेवर गोळे डागणारा तो एकमेव.

१९८९ चा भूकंप एवढा विध्वंसक कसा ठरला?

२८ डिसेंबर १९८९, सकाळी १० वाजून २७ मिनिटं. तीव्रता ५.६. जपान किंवा चिलीत एवढ्या धक्क्याने फारशी पडझड होत नाही. इथे १३ जण मृत्युमुखी पडले, १६० जणांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि हजारो घरांना तडे गेले. ऑस्ट्रेलियाच्या लिखित इतिहासात भूकंपाने माणसं गेल्याची ही पहिली नोंद.

कारणं तीन. शहराचा मोठा भाग नदीच्या गाळावर आहे आणि मऊ गाळ धक्का वाढवतो. घरं जुन्या विटांची, आणि दोन भिंतींना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या खाऱ्या हवेने गंजून गेलेल्या. शिवाय इथे भूकंप होईल असं कोणी धरलंच नव्हतं, त्यामुळे बांधकामात त्याची तरतूद नव्हती. १३ पैकी नऊजण वर्कर्स क्लबमध्ये गेले आणि तिघे हॅमिल्टनच्या बोमाँट स्ट्रीटवर, दुकानांचे सज्जे अंगावर कोसळून. नाताळच्या सुट्टीमुळे शाळा रिकाम्या होत्या, नाहीतर आकडा कुठच्या कुठे गेला असता. त्यानंतर देशभरात भूकंपरोधक बांधकामाची मानकं नव्याने लिहिली गेली.

खाणींमुळे भूकंप झाला का, असंही विचारतात. २००७ मध्ये एका संशोधकाने तसं मांडलं होतं. धक्क्याचं केंद्र खाणींच्या कितीतरी खाली असल्यामुळे बऱ्याच भूशास्त्रज्ञांना ते पटलं नाही.

पोलाद कारखाना बंद झाला तेव्हा काय झालं?

माझ्या मते या शहराचा स्वभाव समजून घ्यायचा तर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एप्रिल १९९७ मध्ये घोषणा झाली, ३० सप्टेंबर १९९९ ला शेवटची पाळी सुटली. ८४ वर्षं. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्या एकाच फाटकातून आत गेलेल्या घरांचं शहर. आता न्यूकॅसल संपलं, असं देशभरातली वर्तमानपत्रं लिहीत होती.

ते संपलं नाही. संख्या आधीच घटत गेली होती, त्यामुळे अखेरच्या दिवशी कामावर काही हजारच उरले होते. हा एक भाग. दुसरा असा की घोषणा आणि टाळं यांत अडीच वर्षं मिळाली, त्यात लोकांना नवं काम शिकता आलं. तिसरा, विद्यापीठ आणि मोठं रुग्णालय तोवर शहरातले बडे रोजगारदाते झाले होते. पण हे आकड्यांतलं उत्तर झालं. पन्नाशीचा भट्टीवाला दुसरीकडे अर्ध्या पगारावर लागला तरी आकडेवारीत तो "रोजगार असलेला"च दिसतो. मेफिल्डमध्ये हे लोकांना नीट ठाऊक आहे.

त्याच १९९७ च्या सप्टेंबरमध्ये न्यूकॅसल नाइट्स या रग्बी लीग संघाने सिडनीच्या मॅनलीला अंतिम सामन्यात २२-१६ असं हरवलं, तेही शेवटच्या काही सेकंदांत. संघ परतला तेव्हा रस्त्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. घोषणेनंतरच्या त्या वर्षात या जिंकण्याचं मोल काय होतं, हे तिथल्या लोकांना आजही सांगावं लागत नाही.

समुद्रकिनाऱ्यावर अडकलेलं लाल जहाज कोणतं?

"पाशा बल्कर". ८ जून २००७ ला वादळात नॉबीजच्या पुळणीवर चढलं. कोळसा भरायला आलेलं, म्हणून रिकामं. त्यावरचे सगळे खलाशी हेलिकॉप्टरने सुखरूप उचलले. वादळाने बाकी प्रदेशात मात्र बळी घेतले. २ जुलैला जहाज पुन्हा खोल पाण्यात ओढून नेण्यात यश आलं. त्या दिवसांत बंदराबाहेर पन्नासहून जास्त जहाजं रांगेत उभी होती. बंदर अपुरं पडत असल्याचं यापेक्षा ठळक चित्र मिळालं नसतं.

आज कोळसा जहाजापर्यंत कसा जातो? कोण घेतं?

शहरात आता खाणी नाहीत. कोळसा येतो तो सिंगलटन, मसलब्रुक आणि त्यापलीकडच्या मोठ्या उघड्या खाणींतून, दीड-दीड किलोमीटर लांब मालगाड्यांनी. कॅरिंग्टन आणि कूरागँग इथल्या तीन टर्मिनलांवर गाड्या न थांबता खालून कोळसा सोडतात, पट्ट्यांवरून त्याचे ढीग लागतात आणि हव्या त्या प्रतीचं मिश्रण करून तो जहाजात जातो. चांगल्या वर्षी १५ कोटी टनांहून जास्त. मोठे गिऱ्हाईक जपान, चीन, तैवान, दक्षिण कोरिया. २०१४ मध्ये राज्य सरकारने बंदर ९८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गुंतवणूकदार कंपन्यांना दिलं.

किलोमागे ६,००० किलोकॅलरी उष्णता देणाऱ्या कोळशाचा "न्यूकॅसल भाव" हा आशियातल्या वीज-कोळशाचा मापदंड आहे. २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर, तो टनामागे ४०० डॉलरच्या वर गेला होता. इथून एक ढेकूळही न घेणाऱ्या वीज कंपनीचा करारसुद्धा या भावाशी बांधलेला असू शकतो.

शहरातल्या लोकांचा कोळशाला विरोध आहे की पाठिंबा?

दोन्ही, आणि कधीकधी एकाच घरात. रेल्वेमार्गाजवळच्या टाइझ हिल, कॅरिंग्टन, मेफिल्ड भागात खिडकीच्या चौकटीवर काळी धूळ बसते. उघड्या वाघिणींवर झाकण घालावं ही तिथली जुनी मागणी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये "रायझिंग टाइड" संघटनेच्या लोकांनी छोट्या होड्यांतून जहाजांची वाट अडवली. १०९ जणांना अटक झाली, त्यांत ९७ वर्षांचे एक निवृत्त धर्मगुरूही होते. दुसरीकडे खोऱ्यातल्या खाणीत मोठा डंपर चालवणाऱ्याला मिळणारा पगार त्याला दुसरं कुठलंच काम देत नाही. त्याला "बदला" म्हणणं सोपं आहे, कशात बदलायचं ते सांगणं अवघड.

कोळसा संपल्यावर काय?

बदल सुरू झाला आहे. खोऱ्यातलं कोळशावरचं लिडेल वीजकेंद्र एप्रिल २०२३ मध्ये बंद झालं. एरारिंग वीजकेंद्र २०२५ मध्ये बंद होणार होतं, त्याला मुदतवाढ मिळाली. जुलै २०२३ मध्ये हंटरसमोरच्या समुद्रात पवनऊर्जेसाठी क्षेत्र जाहीर झालं, त्याला मच्छीमारांचा विरोध झाला. शहराजवळच्या टोमागोचा ॲल्युमिनियम कारखाना राज्याच्या विजेचा साधारण दहावा हिस्सा एकटा घेतो, तेव्हा स्वस्त वीज कुठून येणार हा त्याच्यासाठी जगण्यामरणाचा प्रश्न आहे. बंदराला कंटेनरचा धक्का हवा आहे.

मला वाटतं १९९९ चा धडा असा: बंद होण्याची तारीख लवकर आणि खरी सांगा. पोलादाला अडीच वर्षं मिळाली, ती कमी पण उपयोगी ठरली. खोऱ्यातल्या खाणगावांना आज कोणी स्पष्ट तारीख द्यायला तयार नाही, आणि अन्याय तिथे होतो आहे. शिवाय मसलब्रुकजवळ न्यूकॅसलसारखं विद्यापीठ आणि समुद्रकिनारा नाही. शहर सावरेल, वरच्या अंगाच्या गावांची काळजी करायला हवी.

लोक कसे आहेत?

मोकळे, हट्टी, सिडनीवर नाराज. कोळशावर सरकारला मिळणाऱ्या रॉयल्टीचा पैसा सिडनीत खर्च होतो ही इथली पिढीजात तक्रार आहे, आणि ती निराधार नाही. स्वतःला "नोव्होकॅस्ट्रियन" म्हणवतात. चार वेळा सर्फिंगचा जगज्जेता झालेला मार्क रिचर्ड्स इथलाच. कामावर जाण्याआधी लाटांवर जाणं हे इथे कामगारांचंही व्यसन आहे. ऑस्ट्रेलियातली पहिली महिला लॉर्ड मेयर (महापौर), जॉय कमिंग्ज, १९७४ मध्ये याच शहराने निवडली, आणि रेल्वेच्या यार्डांनी व्यापलेला बंदरकाठ लोकांना फिरायला खुला झाला त्याचं श्रेय बरंचसं तिचं. २००८ मध्ये मार्कस वेस्टबरी याने ओस पडलेली दुकानं कलाकारांना तात्पुरती वापरायला द्यायची योजना सुरू केली, तिची नक्कल पुढे अनेक शहरांनी केली.

सिडनीहून कसं जायचं आणि काय पाहायचं?

सेंट्रल स्थानकातून थेट गाडी आहे, अडीच ते तीन तास लागतात. हॉक्सबरी नदी लागते तो टप्पा खिडकीत बसून पाहावा. जुनं मुख्य स्थानक २०१४ मध्ये बंद झालं, आता गाडी न्यूकॅसल इंटरचेंजला थांबते आणि तिथून ट्राम थेट समुद्रापर्यंत जाते. सकाळी फोर्ट स्क्रॅच्लीच्या टेकडीवर जा, मग नॉबीजच्या बांधावरून टोकापर्यंत चाला; एखादं रिकामं जहाज टगबोटींसोबत आत येताना अगदी जवळून दिसतं. दुपारी फेरीने स्टॉकटन, पाच मिनिटांचा प्रवास. जेवायला बोमाँट स्ट्रीट. बोगी होलमध्ये उतरायचं असेल तर ओहोटीची वेळ आधी पाहून घ्या. समुद्र खवळलेला असताना तिथे पायऱ्यांवर उभं राहणंही धोक्याचं आहे.